ठरावात नसलेलं ग्रंथालय

दोस्तांनो, आपल्याला तारखा पाठ असतात. 20 मार्च 1927 म्हटलं की चवदार तळं. 25 डिसेंबर 1927 म्हटलं की मनुस्मृतीचं दहन. 14 ऑक्टोबर 1956 तर वस्तीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण 20 जुलै 1924 ला काय झालं असं विचारा, भलेभले कार्यकर्ते डोकं खाजवतात. त्या दिवशी बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या उद्देशांत पहिलं होतं शिक्षण, त्यासाठी वसतिगृहं. दुसरं होतं संस्कृतीचा प्रसार, आणि त्याचे मार्ग दिले होते तीन: ग्रंथालयं, सामाजिक केंद्रं आणि अभ्यासवर्ग. शेतीच्या नि उद्योगाच्या शाळा त्यानंतर. गाऱ्हाणी मांडणं त्याच्याही नंतर.

म्हणजे तळ्यावर जायच्या अडीच वर्षं आधी आपल्या चळवळीने कागदावर ग्रंथालय लिहिलं होतं. हे का लिहावं लागलं ते कळायला आणखी एक वर्ष मागं जाऊ.

4 ऑगस्ट 1923 ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव पास झाला. याच ठरावाचा आधार घेऊन पुढं महाड घडलं. त्यातली यादी नीट वाचा. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने. संपली यादी. ग्रंथालय त्यात नाही. कोणी मुद्दाम गाळलं असं मी म्हणत नाही. पण ज्याला तहान लागते त्याला वाचायचीही तहान असते, एवढी साधी गोष्ट त्या ठरावात उतरली नाही, हे मात्र खरं.

ग्रंथालयं तेव्हा नव्हती असं नाही. रत्नागिरीचं 1828 चं, पुण्याचं 1848 चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 चं. पण वर्गणी भरायची कोणी? आणि पुस्तक मागायला काउंटरवर जायचं कोणी? ज्याच्या सावलीचा विटाळ, त्याचं बोट पानाला लागलेलं कसं चालेल? आमच्या गिरण्यांत विणकामाच्या खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. कारण धोट्यात कांडी बसवली की सुताचं टोक तोंडाने ओढावं लागे, आणि सगळ्यांच्या तोंडचा धोटा एकच. चार पैसे जास्त मिळायचे ते खातं असं बंद. 1928-29 च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. धोट्याची ही तऱ्हा, तर पुस्तकाची काय सांगावी?

मग आपल्या माणसांपर्यंत पुस्तक आलं कसं? हातोहात आलं. 1847 च्या सुमारास जोतीराव फुले थॉमस पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचत होते, आणि भोवती विचार करणारी मित्रमंडळी होती. पुढच्याच साली, 1848 मध्ये, मुलींची शाळा निघाली. आधी वाचणं, मग वाचलेल्याचं करणं. आपल्या इतिहासातल्या वाचनवर्गाचं मूळ मी इथं धरतो.

दुसरा हात कृष्णराव अर्जुन केळुसकरांचा. लहानग्या भीमरावाने इंग्रजी चौथीची परीक्षा पास केली तेव्हा वस्तीने सत्कार केला. केळुसकर अध्यक्ष होते. त्यांनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र पोराच्या हातात ठेवलं. चरित्रकार हा प्रसंग 1907 च्या मॅट्रिकच्या वेळचा सांगतात. पण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी 6 एप्रिल 1956 ला लिहिलेल्या प्रस्तावनेत चौथीचंच सांगितलंय. ती प्रस्तावना 1957 च्या पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही. 1980 मध्ये भगवान दास यांनी ती पुस्तकरूपाने लोकांपुढं आणली. विचार करा, एका माणसाने एका पोराला 'हे वाच' म्हटलं, आणि लाखो माणसं दीक्षाभूमीवर उभी राहिली. मधली वर्षं आणि मधला झगडा मी विसरत नाही. पण बी कुठं पडलं ते त्यांनीच लिहून ठेवलंय.

तरी नुसती कपाटं उघडली म्हणजे माणसं उघडतात असं समजू नका. बडोद्याचं बघा. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन हा ग्रंथपाल आणला. शहरात मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगाव वाचनालयं, पेट्या भरभरून फिरती ग्रंथालयं. सगळ्या हिंदुस्थानात नाव झालं. बाबासाहेबांची शिष्यवृत्तीही बडोद्याचीच. पण 1917 मध्ये कोलंबियात शिकून ते बडोद्याला नोकरीवर आले, तेव्हा शहरात राहायला खोली मिळेना. पारशांच्या उतारशाळेत पारशी नाव घेऊन राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत होत्या आणि पुस्तकं वाचलेला माणूस बागेत बसून डोळे पुसत होता. राजा सुधारला तरी शहर सुधारतंच असं नाही.

म्हणून 1924 च्या उद्देशातले ते तीन शब्द एकत्र वाचले पाहिजेत. ग्रंथालय म्हणजे पुस्तकं. केंद्र म्हणजे बसायची जागा. अभ्यासवर्ग म्हणजे माणसं. तिन्हीतलं एक काढा, बाकीच्या दोघांवर धूळ बसते. 1930 मध्ये 'जनता' निघालं. असं पत्र चाळीत यायचं तेव्हा एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. ज्याला अक्षर येत नव्हतं तोही त्या वर्गाचा सभासद होता.

आता आजचं बोलू. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 मध्ये झाला. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळतं. सरकारी अनुदान म्हणजे आपल्याही घामाचा पैसा. घटनेच्या 15 व्या कलमात सरकारी पैशावर चालणाऱ्या सार्वजनिक जागांवर जातीवरून कोणाला अडवता येत नाही असं स्पष्ट आहे. 1923 च्या यादीत राहिलेली जागा बाबासाहेबांच्या घटनेने भरून काढली. दार कायद्याने उघडलंय. आत किती जण जातो?

मी शाळेत फार टिकलो नाही. जे काही वाचलं ते कोणीतरी 'हे घे, पण परत आण' म्हणून दिलेलं. त्यामुळं मला वाटतं, 14 एप्रिलच्या मिरवणुकीला जेवढा जोर लावतो त्यातला थोडा इथं लावावा. वस्तीजवळच्या ग्रंथालयाचे पाच-दहा जण मिळून सभासद व्हा. मागणीच्या वहीत लिहा: शासनाने 1979 पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड आहेत का? फुल्यांचं समग्र वाङ्मय आहे का? अण्णा भाऊ, बाबूराव बागूल कुठल्या कपाटात आहेत? नसतील तर दर महिन्याला पुन्हा लिहा. आणि तिथंच, त्याच टेबलाभोवती, आठवड्यातून एकदा बसा. एक प्रकरण वाचा. न पटलेलं बोला. बायांना बोलवा, आणि त्यांना आधी बोलू द्या. ज्याला वाचता येत नाही त्याच्या शेजारी वाचता येणारा बसवा.

तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं तेव्हा तहान भागवायला घेतलं नव्हतं. पुस्तकही तसंच हातात घ्यायचं असतं.

जय भीम.