'बंद दरवाजा' (१९९०) : ड्रॅक्युलाच्या हिंदी रूपांतराचे गुणदोष, कोकणातील जमीनदारीच्या इतिहासाच्या संदर्भात

प्रस्तावना

पेण-रामवाडीहून रोह्याच्या बाजूने मुरुडला गेले असता गावाबाहेर समुद्राकडे तोंड करून उभा असलेला जंजिऱ्याच्या नवाबांचा राजवाडा नजरेस पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या या वास्तूत गॉथिक व मुघल शैलींचा मेळ दिसतो. जिल्ह्याबाहेरील प्रेक्षकाला मात्र ती परिचित आहे ती रामसे बंधूंच्या भयपटांतील 'हवेली' म्हणून. 'पुराना मंदिर' (१९८४) या चित्रपटाचे चित्रीकरण येथे झाले. सिद्दी राजघराण्याचा हा वाडा पडद्यावर एका शापित हिंदू राजघराण्याचा झाला आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटले नाही. अशा चित्रपटांकडे इतिहासाच्या अभ्यासकाने गांभीर्याने पाहावे काय, असे काही सहकारी विचारतात. प्रस्तुत लेखकाच्या मते पाहावे. त्या दृष्टीने श्याम व तुलसी रामसे दिग्दर्शित 'बंद दरवाजा' या चित्रपटाचे गुणदोष तपासण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

मूळ कादंबरी आणि तिची रूपांतरे

ब्रॅम स्टोकर यांची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली. रोजनिशा, पत्रे, तारा, वृत्तपत्रीय कात्रणे यांतून ती उभी राहते. म्हणजे तिची रचनाच एखाद्या दप्तरखान्यासारखी आहे. मुर्नौ यांचा 'नोस्फेराटू' (१९२२) हे तिचे अनधिकृत रूपांतर. स्टोकर यांच्या पत्नीने न्यायालयात दाद मागितली आणि प्रती नष्ट करण्याचा आदेश मिळवला, तरीही काही प्रती वाचल्या. पुढे इंग्लंडच्या हॅमर कंपनीने १९५८ मध्ये ख्रिस्तोफर ली यांना घेऊन रंगीत 'ड्रॅक्युला' काढला. काळा झगा, सुळे आणि भडक लाल रक्त ही रामसेंची सामग्री मुख्यतः या हॅमरपरंपरेतील आहे, स्टोकर यांच्या पानांतील नव्हे.

रूपांतराचे सामर्थ्य

'बंद दरवाजा' हेही अधिकृत रूपांतर नव्हे. परंतु कथानकात केलेला एक बदल विचार करण्याजोगा आहे. स्टोकर यांचा काउंट वकिलामार्फत लंडनजवळ मालमत्ता खरेदी करून इंग्लंडमध्ये शिरतो. परका माणूस आपल्या घरात येईल, हे त्या कादंबरीतील भय आहे. रामसेंचा नेवला कोठेही जात नाही. तो काली पहाडीवर असतो आणि माणसेच त्याच्याकडे जातात. मूल नसलेली ठाकुराची पत्नी दासीच्या सल्ल्याने तेथे जाते. अट अशी की मुलगा झाला तर तिचा, मुलगी झाली तर नेवल्याची. मुलगी होते. ठाकूर नेवल्याचा अंत करतो, पण अठरा वर्षांनी तीच मुलगी, काम्या, एकतर्फी प्रेमापोटी पहाडीकडे वळते आणि नेवला पुन्हा जिवंत होतो.

आपल्याकडील नवसाची कल्पना येथे मूळ कथेत नेमकी बसवली आहे. वारसाची ओढ व मुलीच्या जन्माविषयीची बेफिकिरी यांतून संकट उद्भवते. स्टोकर यांच्या कादंबरीत एक शेतकरी स्त्री आपले मूल परत मागत किल्ल्याच्या दाराशी आक्रोश करते आणि लांडगे तिचा बळी घेतात. येथे आई मूल मागायला जाते आणि तिनेच मान्य केलेल्या अटीत ते गमावण्याची शक्यता असते. हा फरक अजाणता साधला असेल, पण साधला आहे. अजय अगरवाल यांची उंच, बहुतांशी मूक आकृतीही परिणामकारक आहे.

उणिवा

गाणी आणि विनोद यांमुळे भयाची लय तुटते, हा आक्षेप नेहमीचा आहे. त्या काळातील बहुतेक हिंदी भयपटांना तो लागू होतो. अधिक गंभीर उणीव वेगळी आहे. स्टोकर यांचा ड्रॅक्युला स्वतःच सरदार आहे. जमीन त्याची, किल्ला त्याचा आणि भ्यालेली रयतही त्याचीच. मार्क्स यांनी 'कॅपिटल' (१८६७) मध्ये भांडवलाला रक्तपिपासू पिशाच्चाची उपमा दिली ती याच शतकात. रामसेंनी मात्र या एका व्यक्तीचे दोन भाग केले. रक्त पिणारा पहाडीवर गेला आणि ठाकूर हवेलीत राहिला, तोही दुःखी व शूर पिता म्हणून. गावकऱ्यांना स्वतंत्र कथा नाही.

हा बदल आमच्या जिल्ह्यात बसून पाहिला की विशेष खटकतो. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यात खोत सारा वसूल करी आणि कुळांकडून त्याहून पुष्कळ अधिक घेई. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये कुळांनी जमीन कसणे थांबवले; हा संप १९३९ पर्यंत चालला. या काळात कुळांनी उपासमार सोसली, पण जमिनीला नांगर लावला नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्षात खोती रद्द करणारा कायदा १९४९ चा. येथील शेतकऱ्यांच्या दृष्टीने रक्त शोषणारा माणूस डोंगरावर नव्हे, वाड्यात राहत होता. चित्रपटकर्त्यांवर हा इतिहास दाखवण्याचे बंधन नव्हते, हे मान्य. परंतु ज्या बंधूंनी याच जिल्ह्यात येऊन वाड्याच्या भिंती वापरल्या, त्यांना वाडा कशावर उभा राहतो हा प्रश्न पडला नाही.

एक तुलना

राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' (२०१८) पिशाच्चपट नाही, तरी येथे आठवतो. १९१८ ते १९४७ या काळात घडणाऱ्या त्या कथेत भय बाहेरून येत नाही, वाड्याच्या गर्भातच आहे, आणि स्वातंत्र्यानंतर वाडा सरकारच्या ताब्यात जातो. म्हणजे काळ प्रत्यक्ष कथेत शिरतो. रामसेंना जे जमले नाही ते येथे जमले आहे. मात्र चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून घेतले असूनही पडद्यावर खोती फारशी दिसत नाही. विनायकराव सोन्याच्या मोहरा आणतो, त्या विकतो, पुन्हा आणायला जातो; त्याच्या वाड्याभोवतालची शेते कोण कसतो, हे पावसाच्या त्या सुंदर दृश्यांतून कळत नाही.