‘जल्दी’ची वंशावळ

शब्दांच्या वंशावळी चाळू लागले म्हणजे पुष्कळदा गंमत आढळते, आणि एखाद्या वेळी मनाला लागतेही. ‘जलद’ हा आपला नित्याचा शब्द घ्या. संस्कृतात जलद म्हणजे मेघ. जल देणारा तो जलद. माझ्या वर्गातली मुले वाऱ्यावर धावणारे ढग पाहून या मेघालाच वेगाचा बाप ठरवून मोकळी होतात. पण वेगाचे कूळ निराळे. तो ‘जलद’ फारसी ‘जल्द’पासून आला; मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीतही त्याचे मूळ फारसीच दिले आहे.

मराठीने हा पाहुणा घरचा करून घेतला. त्याच कुळातली हिंदुस्थानी ‘जल्दी’ मात्र साता समुद्रांपलीकडे नांदायला गेली.

आमच्या जालना जिल्ह्यातले असई हे केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबातले गाव. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव केला. पुढे जालन्यास इंग्रजी छावणी पडली. अशा छावण्या देशभर होत्या. भिस्ती, धोबी, खानसामा, पंखेवाला यांच्यावाचून गोऱ्या शिपायाचे पान हलत नसे, आणि त्यांची भाषा तर त्याला येत नसे. मग कामापुरते दहावीस शब्द तो उचली. त्यांत ‘पानी’ असे, आणि पाठोपाठ ‘जल्दी’ असे. किपलिंगच्या १८९२ च्या ‘बॅरॅक-रूम बॅलड्स’मधला गंगा दीन हा असाच एक भिस्ती. गोळीबारात तो जखमींना पाणी पाजतो, आणि त्याच्यावर ओरडणाऱ्या गोऱ्याच्या तोंडी हीच ‘जल्दी’ आहे.

गोऱ्यांच्या जिभेवर तिची ‘जिल्दी’ झाली. पलटणींबरोबर ती विलायतेस गेली. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धातल्या ब्रिटिश शिपायांची बोली ब्रोफी आणि पार्ट्रिज यांनी १९३० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, तींतही ती आहे. ज्या शब्दाने भिस्त्याला पिटाळले, त्याच शब्दाने आता गोरा गोऱ्याला पिटाळू लागला होता!

आपले वेगाचे शब्द पाहा. भरधाव, चौखूर, घोडदौड, मजल मारणे: या सर्वांना घोड्याच्या टापांचा आणि वाटेच्या धुळीचा वास आहे. ‘मजल’ही परकीच, अरबी ‘मंझिल’मधून आलेली, पण मजल माणूस स्वतः मारतो. ‘जिल्दी’ दुसऱ्याला करायला लावायची असते. भाषा परकी की आपली, याहून मला हा भेद महत्त्वाचा वाटतो. घाई कुणाची आणि धावायचे कुणी, हे शब्द बरोबर सांगतो.

गोऱ्याची आरोळी कोशात चढली. ती ऐकून पखाल पाठीवर घेऊन धावणारा भिस्ती मनातल्या मनात काय पुटपुटला असेल, ते टिपून घ्यायला कोशकार त्याच्यामागे धावला नाही.