मेसेन्कायमल स्टेम सेल: गिनीपिगपासून विडीवाल्याच्या पायापर्यंत

सुट्टीत भंडाऱ्याला घरी गेले की एक प्रश्न ठरलेला असतो. "पोरी, तू स्टेम सेलवर पीएचडी करतेस ना? मग गुडघ्यात ते इंजेक्शन घेऊ का?" यावेळी शेजारच्या काकांनी तर त्यासाठी धानाची एक बांधी विकायची तयारी केली होती. त्यांना उत्तर द्यायचं म्हणून मी या पेशींचा इतिहास पुन्हा वाचला.

सुरुवात प्राण्यांपासून होते. 1970 साली सोव्हिएत संशोधक अलेक्झांडर फ्रिडेनस्टाइन यांच्या गटाने गिनीपिगच्या अस्थिमज्जेतल्या पेशी वाढवल्या. भांड्याच्या तळाला चिकटून राहिलेल्या मोजक्या पेशींनी वसाहती केल्या. अशा पेशींपासून हाड बनू शकतं, हे त्यांच्या कामातून दिसलं. 1991 मध्ये अमेरिकेतल्या अर्नोल्ड कॅप्लन यांनी 'मेसेन्कायमल स्टेम सेल' हे नाव रूढ केलं.

नावामुळे अपेक्षा वाढल्या: पेशी टोचली की नवा अवयव तयार! 2003 मध्ये ब्रिटनमध्ये एका पोनीच्या पायाच्या दुखावलेल्या कंडरेत त्याच्याच मज्जेतल्या पेशी सोडल्याचं प्रसिद्ध झालं. पुढे मात्र लक्षात आलं की टोचलेल्या पेशी शरीरात फार काळ टिकत नाहीत. त्या जे रेणू स्रवतात त्यांनी दाह कमी होतो, रक्तवाहिन्या वाढायला मदत होते. 2017 मध्ये खुद्द कॅप्लन यांनीच लिहिलं की यांना 'स्टेम सेल' म्हणणं थांबवा.

आता आपल्याकडे येऊ. बर्गर आजारात हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या बंद पडतात, बोटं काळी पडतात, कधी पाय कापावा लागतो. त्याचं तंबाखूशी घट्ट नातं आहे. तेंदूपत्ता आणि विडीच्या आपल्या पट्ट्यात हे वेगळं सांगायला नको. 2016 मध्ये औषध महानियंत्रकांनी याच आजारासाठी बेंगळुरूच्या 'स्टेम्प्युसेल'ला मर्यादित परवानगी दिली. निरोगी दात्यांच्या मज्जेतून वाढवलेल्या पेशी यात पोटरीच्या स्नायूत टोचतात. तरी पहिला उपचार विडी सोडणं हाच.

आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं, तर न सिद्ध झालेला स्टेम सेल वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. म्हणून काकांना एवढंच म्हटलं, "चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा." त्यांनी मागितला. उत्तर आलं नाही. बांधीत यंदाही रोवणी झाली.

रिसर्चला येणाऱ्यांनो, पेपर वाचताना तीन प्रश्न वेगळे ठेवा: पेशी भांड्यात काय बनू शकते, शरीरात काय करते, आणि रुग्णाला फायदा झाला का? एकाचा पुरावा दुसऱ्याला चालत नाही.