सोरपोतेलचं मडकं

होडी मनोरीच्या बाजूला टेकली की चपला हातात घ्या. ओहोटी लागलीय, चार पावलं चिखलातून जावं लागेल. मागे मार्वेचा किनारा अंधारत चाललाय. तारीख २४ डिसेंबर १९६१, वार रविवार. तुमच्याच होडीतून एक नवरा-बायको उतरलेत. त्याच्या काखेत घडी घातलेलं वर्तमानपत्र, तिच्या हातात ट्रंक. त्यांच्या मागोमाग चाला. तुम्ही कोण, असं कुणी विचारणार नाही. नाताळात या घरी एक पान जास्तच मांडतात.

ओट्यावर कामट्यांचा तारा टांगलाय, आत मेणबत्ती. घरात अजून वीज नाही. तुम्ही आत पाऊल टाकायच्या आधीच वास येतो. आंबट, तिखट, थोडा लवंगेचा, आणि त्या सगळ्याच्या तळाशी डुकराच्या चरबीचा. तोंडाला पाणी सुटलं तरी आज काही मिळणार नाही. चुलीशेजारी मडकं आहे, त्यावर पालथी थाळी आणि थाळीवर दगड. दगड मांजरासाठी आणि नातवंडांसाठीही. आतलं सोरपोतेल, म्हणजे डुकराचं आंबट-तिखट कालवण, काल, शनिवारी शिजलंय, पण मध्यरात्रीची मिस्सा होईपर्यंत मडकं उघडायचं नाही, हा आजीचा कायदा.

आज रात्रीचं जेवण म्हणजे पेज, भाजलेला सुका बोंबील आणि लोणच्याची फोड, तेही दिवेलागणीलाच. पोपने १९५७ साली उपासाचा नियम सैल केला. कम्युनियनच्या आधी तीन तास पोट रिकामं ठेवलं तरी पुरतं. होडीतून उतरलेला तो नवरा म्हणजे आजीचा मुलगा. तो हे आईला समजावून सांगतो. आजी ऐकून घेते आणि पेजेचं पातेलं उचलून आत ठेवते. "पोपच्या घरी चूल कोण सांभाळतं?" एवढंच विचारते.

रात्री सगळ्यांबरोबर देवळात जा. पौर्णिमा होऊन दोन रात्री झाल्यात, चंद्र वर आलाय, कंदील नेला नाही तरी चालेल. मिस्सा लॅटिनमध्ये आहे, प्रवचन तेवढं मराठीत. शेजारचा पोरगा झोपेने तुमच्या खांद्यावर कलंडेल, त्याला तसाच राहू द्या. परतल्यावर, दोनच्या सुमाराला, दगड उतरतो. प्रत्येकाला बशीत चमचाभर सोरपोतेल. चमचाभरच. आजी स्वतः चाखते आणि नाक मुरडते. "अजून कच्चं आहे. बुधवारी बघा."

इथून पुढे तुम्ही या घरात आठ संध्याकाळी राहणार आहात, आणि माझा सल्ला विचाराल तर पंचवीस तारखेच्या दुपारच्या मेजवानीवर फार जीव लावू नका. बदकाचं मॉयल असेल, पुलाव असेल, पाहुणे असतील, खुर्च्या कमी पडतील. दर घरी होतं तसंच. संध्याकाळी कुणाला भूकच नसते. नाताळ खरा सुरू होतो तो त्यानंतर, पाहुणे होडीला गेले की. मग घरची माणसं जमिनीवर पाटांवर बसतात आणि मडकं रोज एकदा चुलीवर चढतं. चढवावंच लागतं, कारण थंड ठेवायला पेटी नाही. रोज एक उकळी, आणि त्या उकळीनेच चव रोज पुढे सरकते. शिरका आधी नुसता जिभेला चावतो, मग हळूहळू मांसात जाऊन बसतो. काळीज विरघळून रस दाट होतो. मंगळवारचं आणि बुधवारचं सोरपोतेल एकाच मडक्यातलं, पण दोन वेगळी कालवणं.

मंगळवारी संध्याकाळी आजीच्या उजव्या हाताकडे बघत बसा. मैद्याचं पीठ सकाळी भिजवलंय: अंडी, नारळाचं दूध, किंचित साखर. आंबवायला काय घातलं ते विचारू नका. मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला, ताडीही त्यातच गेली. पीठ मात्र फसफसून परातीबाहेर आलंय आणि पाद्रीबाबा विचारत नाहीत. आजी हात पाण्यात बुडवते, पिठाचा मोठा गोळा मुठीत धरते आणि मूठ आवळते. अंगठा आणि तर्जनीच्या मधून लिंबाएवढा फुगा वर येतो. दोन बोटांनीच ती तो तोडते आणि तो तेलात पडतो. बुडतो, वर येतो, आणि एका बाजूने तांबूस झाला की बरेच जण आपले आपणच उलटतात. जो उलटत नाही त्याला ती झाऱ्याने टिचकी मारते. या फुगिया. एक फोडा, आत पोकळ आहे. त्या पोकळीत सोरपोतेल भरा आणि कुणाशी न बोलता खा.

तुम्ही बोलला नाहीत तरी सून बोलते. ती गोव्याची, बारदेशातली. "आमगेर सान्नां करतात," ती म्हणते, म्हणजे तांदळाच्या, वाफवलेल्या. आणि सोरपोतेलात हा मसाला? आजी उत्तर न देता फळीकडे बोट दाखवते. फळीवर तपकिरी काचेच्या बिअरच्या बाटल्या ओळीने उभ्या आहेत, बुचं लावलेल्या. बॉटल मसाला. एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या, धणे, तीळ, खसखस, नागकेशर, दगडफूल असे वीस-पंचवीस जिन्नस वाळवून, भाजून, लाकडी उखळात बायकांनी उभ्याने कांडून बाटलीत ठासलेला. काच गडद हवी, म्हणजे उजेडाने रंग उडत नाही. दारूबंदी आल्यापासून या रिकाम्या बाटल्यांना दागिन्यासारखं जपतात. फुटली तर दुसरी आणायची कुठून?

सासू-सुनेचं हे भांडण तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जुनं आहे. साष्टी आणि वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली, १७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांनी जिंकून घेतली. शिरका मागे राहिला, डुक्कर मागे राहिलं. मिरचीदेखील पोर्तुगीजांनीच आणलेली. पुढे इंग्रजांच्या मुंबईत गोव्याचे आणि मंगळुरूचे ख्रिस्ती नोकरीला आले, तेव्हा आपण त्यांच्यातले नव्हेत हे सरकारला कळावं म्हणून इथल्यांनी १८८७ मध्ये, राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली त्या साली, ‘ईस्ट इंडियन’ नाव घेतलं. देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर शेकडो वर्षं राहणारी माणसं आणि नाव पूर्वेचं! कंपनी सरकारच्या नावावरून आलं म्हणतात. आजीला यातलं काही ठाऊक नसेल. तिला एवढं ठाऊक आहे की सुनेच्या माहेरी सोरपोतेलात बॉटल मसाला घालत नाहीत, म्हणजे ते सोरपोतेल नव्हे.

बुधवारी आजी चाखते आणि काहीच बोलत नाही. त्याचा अर्थ जमलं. जेवताना कुणी फारसं बोलत नाही. पोरं बोटं चाटतात, मुलगा तिसऱ्यांदा फुगिया मागतो. जेवण झाल्यावर तो कंदिलाजवळ वर्तमानपत्र उलगडतो. आठ दिवसांपूर्वी गोवा सुटला. १९ डिसेंबरला पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. घरात सगळ्यांना पाठ झालेली बातमी तो पुन्हा वाचतो आणि सून पुन्हा ऐकते. १९५५ पासून सरहद्द बंद आहे. तिचं लग्न त्याच्या आदल्या वर्षीचं. आईला तिने त्यानंतर पाहिलेलं नाही. "बोट सुरू होईल?" ती विचारते. "होईल की," मुलगा म्हणतो. पुढच्या पानावर फेब्रुवारीतल्या अष्टग्रहीने, म्हणजे आठ ग्रह एकत्र येण्याने, जग बुडणार असल्याचं छापलंय. ते तो मोठ्याने वाचत नाही.

शुक्रवारची संध्याकाळ मात्र चुकवू नका. शुक्रवारी मांस वर्ज्य. पानात भात आणि ओल्या बोंबलाचं कालवण, आंबोशी घातलेलं. चांगलंय, बोंबील जिभेवर ठेवला की विरतो. पण मडक्याला शुक्रवार नसतो. उकळी आणली नाही तर उद्या फेकून द्यावं लागेल. म्हणून तुम्ही सगळे खाली मान घालून बोंबील खात असता आणि दोन हातांवर सोरपोतेल खदखदत असतं. सात दिवसांतला सगळ्यात चांगला वास आज सुटलाय. धाकटा नातू विचारतो, वास घेतला तर पाप लागतं का? आजी क्षणभर विचार करते. "मुद्दाम घेतला तर." मग सगळं घर हसू दाबत तोंडाने श्वास घेतं. सून सर्वांत आधी फुटते, आणि तिचं हसू थांबत नाही, थांबत नाही, शेवटी ती पदराने डोळे पुसत मागच्या दारी जाते. आजी उठून तिच्यामागे जाते. दोघी बऱ्याच वेळाने परततात. मडकं तेवढ्यात थोडं लागलेलं असतं.

शनिवारी त्या लागलेल्याची चव सगळ्यांना आवडते. मी तरी तेच सोरपोतेल सर्वांत वर मानीन. रविवारी वर्ष संपतं, पोरं बारापर्यंत जागायचं ठरवून दहाला झोपतात.

सोमवारी, १ जानेवारीला, मडक्यात हाताला लागेल असं काही उरलेलं नाही. आजी गरम भात थेट मडक्यात ओतते, पळीने कडांवरचा रस खरवडून कालवते आणि एकेकाला मुठीएवढा घास वाढते. तुम्हालाही. हा घास सर्वांत आंबट आणि सर्वांत लहान.

पहाटे नवरा-बायकोला होडी गाठायची आहे. ट्रंक ओट्यावर उघडी आहे. आजी फळीवरून एक बाटली काढते, बूच अंगठ्याने दाबते आणि ताऱ्यातल्या मेणबत्तीचं उरलेलं थोटूक पेटवून बुचावर मेण गाळते. मेण गोठेपर्यंत फुंकर घालते. मग बाटली सुनेच्या दोन लुगड्यांच्या मध्ये आडवी ठेवते.

"बोट सुरू झाली की विहिणीला नेऊन दे," ती म्हणते. "सांग, एकदा घालून बघ."

"ती घालायची नाही, माय."

"माहीत आहे. तरी दे."