मणिपुरातील इंजेक्शनद्वारे अमली पदार्थांचे सेवन, एच.आय.व्ही. आणि कुटुंबाचा आधार : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

भारतातील एड्सच्या इतिहासाची चर्चा महाराष्ट्रात प्रामुख्याने लैंगिक संबंधांतून होणाऱ्या संसर्गाच्या अंगाने झाली आहे. मालवाहतूक करणारे चालक, स्थलांतरित कामगार आणि मुंबईसारख्या महानगरातील देहविक्रयाचा प्रश्न हे आपल्याकडील अभ्यासाचे परिचित विषय होत. ईशान्येकडील मणिपूर राज्यात मात्र या साथीचा आरंभ इंजेक्शनच्या सुईतून झाला. या इतिहासात शासन, पोलीस आणि स्वयंसेवी संस्था यांच्या कार्याची नोंद झाली आहे. ज्या कुटुंबाने रुग्णाला प्रत्यक्ष सांभाळले, त्याच्या बदलत्या भूमिकेचा स्वतंत्र विचार मात्र क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात या भूमिकेचे टप्पे तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

साथीची पार्श्वभूमी :

म्यानमार, थायलंड व लाओस यांच्या सीमावर्ती 'सुवर्ण त्रिकोणा'त तयार होणारे हेरॉइन १९८० च्या दशकात मोरे या सीमेवरील गावामार्गे इम्फाळ खोऱ्यात सहज मिळू लागले. स्थानिक तरुण त्यास 'नंबर फोर' म्हणत. सुया व सिरिंज सहजासहजी मिळत नसल्याने आणि त्या जवळ बाळगल्यास पोलिसांचे भय असल्याने एकच साधन अनेकांत फिरत असे. शाईच्या ड्रॉपरला सुई जोडून केलेली घरगुती सिरिंजही वापरात होती. या परिस्थितीत विषाणूचा प्रवेश होताच त्याचा प्रसार विलक्षण वेगाने झाला. सप्टेंबर १९८९ पर्यंत तपासलेल्या सेवनकर्त्यांमध्ये संसर्ग आढळला नव्हता. त्यानंतरच्या सुमारे सहा महिन्यांत हे प्रमाण निम्म्यावर पोहोचले.

पहिला टप्पा : नियंत्रक कुटुंब

१९८५ च्या एन.डी.पी.एस. कायद्याने अमली पदार्थांचे सेवन हा दंडनीय अपराध ठरविला. व्यसन हा आजार आहे ही जाणीव समाजात रुजलेली नव्हती व उपचारांच्या सोयीही अपुऱ्या होत्या. अशा स्थितीत हतबल झालेल्या अनेक पालकांनी मुलांना घरात कोंडून ठेवले, तर काहींनी त्यांना स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन केले. यामागे निर्दयता होती असे म्हणता येणार नाही. मूल जिवंत राहावे यासाठी त्यांना दिसणारा तो एकमेव मार्ग होता.

येथे 'मैरा पाइबी' या स्त्री-चळवळीचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. १९७० च्या दशकातील दारूबंदी आंदोलनातून पुढे आलेल्या या मशालधारी स्त्रियांनी वस्त्यांमध्ये रात्रीची गस्त घालून दारू व अमली पदार्थ यांना विरोध केला. मैतेई भाषेत आईला 'इमा' म्हणतात. वस्तीत शिस्त लावणारी इमा आणि घरात व्यसनी मुलाला जेवू घालणारी इमा ही अनेकदा एकच व्यक्ती होती. सामाजिक प्रतिष्ठा व वात्सल्य यांतील हा ताण या टप्प्याच्या केंद्रस्थानी आहे.

दुसरा टप्पा : शुश्रूषा करणारे कुटुंब

१९९० च्या दशकात प्रश्नाचे स्वरूप पालटले. संसर्ग झालेल्या तरुणांचे विवाह झालेले होते अथवा होत होते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मणिपुरात झालेल्या एका अभ्यासात, स्वतः इंजेक्शन न घेणाऱ्या परंतु बाधित सेवनकर्त्यांशी विवाह झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे ४५ टक्के स्त्रिया बाधित आढळल्या. म्हणजेच पतीची शुश्रूषा करणारी पत्नी स्वतःही रुग्ण होती, आणि तिच्या शुश्रूषेसाठी घरात कोणी उरेलच याची शाश्वती नव्हती. पतीच्या मृत्यूनंतर तिच्यावर दोषारोप होणे, सासरचा आसरा तुटणे आणि नातवंडांचा भार वृद्ध आजीवर येणे, हा क्रम अनेक घरांनी अनुभवला.

याच काळात बाधित व माजी सेवनकर्ते स्वतः संघटित झाले. १९९१ मध्ये इम्फाळ येथे माजी सेवनकर्त्यांनी 'सासो' ही संस्था स्थापन केली. १९९६ मध्ये मणिपूर शासनाने स्वतंत्र राज्य एड्स धोरण स्वीकारून हानी कमी करण्याच्या दृष्टिकोनास मान्यता दिली. स्वच्छ सुया पुरविणे, गळवांची मलमपट्टी करणे व घरी जाऊन समुपदेशन करणे या कामांमुळे कार्यकर्ता प्रथमच शत्रू म्हणून नव्हे, तर साहाय्यक म्हणून घराच्या उंबरठ्यावर आला. व्यसन पुन्हा उद्भवणे हा आजाराचाच भाग आहे, ही समज कुटुंबाला देणे हे या भेटींचे महत्त्वाचे फलित म्हणावे लागेल.

तिसरा टप्पा : उपचारातील सहभागी कुटुंब

१ एप्रिल २००४ पासून केंद्र शासनाने निवडक केंद्रांतून विषाणूरोधक औषधे मोफत देण्यास सुरुवात केली. ही औषधे आयुष्यभर नियमित घ्यावी लागत असल्याने वेळेची आठवण, आहार व रुग्णालयात सोबत या बाबतीत घरातील व्यक्तीचे साहाय्य मोलाचे ठरले. पुढे ब्युप्रेनॉर्फिनसारख्या पर्यायी औषधोपचाराचा समावेश राष्ट्रीय कार्यक्रमात झाला. शासकीय पाहणीनुसार मणिपुरातील इंजेक्शन घेणाऱ्यांमधील संसर्गाचे प्रमाण १९९८ मध्ये ७० टक्क्यांहून अधिक होते. ते २०१०-११ मध्ये सुमारे १३ टक्क्यांपर्यंत घटले. या घटीचे श्रेय एकट्या कुटुंबास देता येणार नाही. बाधितांचे मृत्यू, सुयांचा पुरवठा व औषधोपचार यांचाही त्यात वाटा आहे.

२०१७ च्या एच.आय.व्ही. व एड्स कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला, बाधित व्यक्तीचा सामायिक घरात राहण्याचा हक्क मान्य केला. तसेच बाधित कुटुंबाचा कारभार सांभाळणाऱ्या, बारा वर्षांवरील जाणत्या भावंडास धाकट्या भावंडाचे पालकत्व स्वीकारण्याची मुभा दिली. आई-वडील गमावलेल्या घरांचे वास्तव यातून प्रथमच कायद्याच्या भाषेत उतरले.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, 'कुटुंबाचा आधार' ही संज्ञा वरवर सर्वसमावेशक वाटली तरी व्यवहारात तिचा अर्थ बहुतांशी आई, पत्नी व आजी यांचे विनामोबदला श्रम असाच राहिला. शिवाय स्वतः इंजेक्शन घेणाऱ्या स्त्रीला हा आधार पुरुषाइतका लाभला नाही. मुलाचे व्यसन घराने दुःख मानून सोसले, तर मुलीचे व्यसन कलंक मानून नाकारले. त्यामुळे धोरणकर्त्यांनी कुटुंबावर जबाबदारी सोपविताना त्या कुटुंबात कोण राबते आणि कोणाला स्थान नाही, हे आधी पाहिले पाहिजे. शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीचे आरोग्य, उत्पन्न व निवारा यांची तरतूद नसेल, तर कुटुंबाधारित योजना म्हणजे शासनाने आपला भार तिच्या खांद्यावर ठेवणे होय. इतिहासाच्या अभ्यासकांनीही या स्त्रियांच्या मौखिक साक्षी वेळीच नोंदविणे आवश्यक आहे; कारण त्या पिढीतील माता आज वृद्धापकाळी पोहोचल्या आहेत.