लीळाचरित्राची हरवलेली पोथी

परभणी जिल्ह्यातील बोरी गावाशी ज्यांचे नाव जोडले जाते, ते ‘शिशुपाळवध’कर्ते भास्करभट्ट बोरीकर ज्या महानुभाव पंथाचे, त्या पंथाला ग्रंथनाशाचा दारुण अनुभव येऊन गेला आहे. श्रीचक्रधरांच्या पश्चात म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांना विचारून लीळा मिळविल्या, आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेऊन तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. आजच्या संशोधकानेही हेवा करावा असे हे साधनसंकलन होय! परंतु चौदाव्या शतकाच्या आरंभी, खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत, मूळ पोथी लुटली गेली असे परंपरा सांगते.

मग ग्रंथ वाचला कसा? स्मरणाने. हिराइसेसारख्यांना लीळा मुखोद्गत होत्या. त्यांवरून त्या पुन्हा लिहिल्या गेल्या. मात्र स्मरणागणिक पाठ निराळा झाला, आणि पाठभेदांचा तो गुंता संपादकांना आजही सुटता सुटत नाही. मूळ पोथीच्या दोन-चार प्रती वेळीच निरनिराळ्या मठांत ठेवल्या असत्या, तर हे संकट पुष्कळ हलके झाले असते.

पुढे पंथाने सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्या योजिल्या. त्यांनी ग्रंथ जपले खरे. पण किल्ली पंथीयांपाशीच राहिल्याने इतरांस ते शतकानुशतके मुके राहिले. विसाव्या शतकात राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली, तेव्हा कोठे मराठीच्या आद्य गद्याचे हे भांडार अभ्यासकांस खुले झाले.