फोटोची मागची बाजू

अब्बांचा चाळीसावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी अम्मीने लोखंडी संदुकीतून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला. आत साठ-सत्तर फोटो होते. "यातलं कोण कोण ओळखू येतं, बघ," ती म्हणाली. मला अकरा चेहरे ओळखता आले, अम्मीला तीसेक. बाकीच्यांना ओळखणारा माणूस चाळीस दिवसांपूर्वीच निघून गेला होता.

मी ते सगळे फोटो स्कॅन करायला एका दुकानात दिले. दोन दिवसांनी पेनड्राइव्ह मिळाला. काम मोठं चकचकीत होतं. पिवळेपणा गेला होता, चेहरे गुळगुळीत झाले होते, पांढऱ्या कडा कापून टाकल्या होत्या. मात्र एकाही फोटोची मागची बाजू स्कॅन केलेली नव्हती. "मागे काय असतं साहेब, कोरा कागद," दुकानदार म्हणाला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण त्याला तसं कुणी सांगितलंच नव्हतं. पण त्या वाक्याने मला मक्केतल्या एका डॉक्टरची आठवण झाली.

मक्का-मदिनेचे सर्वांत जुने ज्ञात फोटो मुहम्मद सादिक बे या इजिप्शियन लष्करी अभियंत्याने काढले. मदिनेचे 1861 मध्ये, मक्केचे 1880 मध्ये. त्यानंतर काहीच वर्षांनी, 1885 मध्ये, स्नूक हरग्रोन्ये हा डच अभ्यासक मक्केत येऊन राहिला. अब्द अल-गफ्फार नावाच्या मक्केतल्या डॉक्टरशी त्याची ओळख झाली आणि त्याने या डॉक्टरला फोटोग्राफी शिकवली. त्याच वर्षी स्नूकला मक्का सोडावी लागली. पुढे डॉक्टर फोटो काढत राहिला आणि ते स्नूककडे पाठवत राहिला. हरमची गर्दी, शहरातली माणसं, दूरदेशाहून आलेले हाजी, असे ते फोटो होते. काही फोटोंवर त्याने अरबीत आपली सही केली होती: मक्केचा तबीब सय्यद अब्द अल-गफ्फार याचं छायाचित्र.

1889 मध्ये स्नूकने लायडनहून मक्केच्या चित्रांचा संग्रह छापला. त्यात या डॉक्टरचे बरेच फोटो होते, पण छापताना सह्या काढून टाकल्या होत्या. कित्येक वर्षं ते फोटो स्नूकचेच समजले गेले. डॉक्टरचं नाव पुन्हा समोर आलं ते मूळ प्रिंट आणि त्यांच्यावरची सही पाहिल्यामुळे. कुणी मूळ प्रिंट फेकून देऊन फक्त छापील पुस्तक जपलं असतं, तर आपल्या शहराचे फोटो काढणारा पहिला मक्कावासी आज आपल्याला माहीतच नसता.

आपल्या घरांत फोटोविषयी एक अवघडलेपण होतं, हेही इथे सांगायला हवं. माझ्या दादीचा एकच फोटो आहे, तोही हजच्या पासपोर्टसाठी काढलेला. दादा म्हणत, तस्वीर घरात नको. हा वाद फक्त आमच्या घरातला नव्हता. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात यावर एक पुस्तिकाच लिहिली. त्यांचं म्हणणं साधं होतं. चित्रकार नवं रूप घडवतो. कॅमेरा मात्र अल्लाहने घडवलेल्या रूपाची पडलेली सावली धरून ठेवतो, आरशातल्या प्रतिबिंबासारखी. सगळ्या उलेमांना हे पटलं नाही. पण उर्दूत फोटोग्राफीला 'अक्कासी' म्हणतात, 'अक्स' म्हणजे प्रतिबिंब यावरून. आणि मराठीत आपण छायाचित्र म्हणतो. दोन्ही भाषांनी आपापल्या वाटेने सावलीच निवडली.

या सावलीची पुन्हा सावली धरणारं यंत्र म्हणजे स्कॅनर. त्याचा इतिहास फार लांबचा नाही. 1957 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो एका फिरत्या दंडगोलावर लावून संगणकात घेतला. 176 बाय 176 ठिपके, एवढीच ती प्रतिमा. म्हणजे संगणकातला हा पहिलावहिला फोटोही घरगुतीच होता. काचेवर कागद पालथा ठेवायचा स्कॅनर लोकांसमोर आला तो 1976 मध्ये, आणि तोही फोटोंसाठी नव्हता. रे कर्झवाइल यांनी अंध माणसांना छापील मजकूर वाचून दाखवणारं यंत्र बनवलं, त्याचा तो एक भाग होता. न दिसणाऱ्यांसाठी केलेल्या वस्तूने आज आपण जुने चेहरे पाहतो.

शेवटी मीच एक स्कॅनर विकत घेतला आणि तो डबा पुन्हा पहिल्यापासून काढला. जे शिकलो ते थोडक्यात सांगतो, कारण तुमच्याही घरात असा एखादा डबा असेलच.

स्वस्त, सडपातळ स्कॅनरमध्ये सेन्सर काचेला लागून असतो. काचेला जे टेकतं तेवढंच त्याला स्पष्ट दिसतं. जुना फोटो वाकलेला असेल तर कडा धूसर येतात. आरसे आणि भिंग असलेला जाड सीसीडी स्कॅनर अशा फोटोंना बरा. फोटो सपाट करायला जोर लावू नका, वरचा थर तडकतो. काच पुसताना द्रव काचेवर नाही, कापडावर टाका. चार बाय सहा इंचांच्या फोटोला 600 डीपीआय पुरे. त्यात 2400 बाय 3600 ठिपके मिळतात आणि टिफ फाइल साधारण 26 एमबीची होते. पासपोर्ट फोटोला 1200 ठेवा. मूळ फाइल टिफमध्ये, हात न लावता ठेवा. उजळवणं, डाग काढणं हे सगळं तिच्या प्रतीवर करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट स्कॅन करा. कडा कापू नका. आणि प्रत्येक फोटो उलटा करून मागची बाजूही स्कॅन करा, कोरी दिसली तरी.

कोरी दिसली तरी, असं म्हणतो त्याला कारण आहे. डब्यात शेरवानी घातलेल्या एका तरुणाचा फोटो होता. अम्मीला तो माहीत नव्हता. मागे काहीच नाही, असं मलाही वाटलं. स्कॅन करून कॉन्ट्रास्ट वाढवला तेव्हा पेन्सिलीची पुसट उर्दू अक्षरं वर आली: 'भाईजान के लिए, कराची, 1950'.

आमचं गाव तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस अ‍ॅक्शन झाली, पाच दिवसांत हैदराबाद संस्थान भारतात आलं. त्या दिवसांत आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या खेड्यांमध्ये जे घडलं, त्याविषयी आमच्या घरात मोठ्याने कुणी बोललं नाही. दादांचा एक धाकटा भाऊ 'निघून गेला', एवढंच आम्ही लहानपणी ऐकलं होतं. कुठे गेला, पोहोचला की नाही, हे विचारायचं नसतं, हेही आम्हाला न सांगता कळलं होतं.

तो पोहोचला होता. दोन वर्षांनी त्याने फोटो पाठवला होता. घरात तस्वीर नको म्हणणाऱ्या दादांनी तो फोटो आयुष्यभर ठेवला, आणि त्यांच्यानंतर अब्बांनी.

फोटोवर नाव मात्र नाही. भावाला पाठवताना कोण नाव लिहितो?

अम्मी आता रोज असरनंतर माझ्याशेजारी बसते. मी स्क्रीनवर एकेक चेहरा मोठा करतो, ती नाव सांगते, नातं सांगते, कुणाशी लग्न झालं आणि कुणाचं राहिलं ते सांगते. मी फाइलच्या नावातच ते लिहून ठेवतो. तीसपैकी बावीस झाले. अम्मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तुमच्या घरात असं सांगणारं कुणी असेल, तर स्कॅनर नंतर घ्या. आधी फोटो घेऊन त्यांच्याजवळ बसा.